पांढरा पडलेला बंपर

मे महिन्याच्या शेवटी मूलला घरी गेलो होतो. नवतपा सुरू होता. चंद्रपूर जिल्ह्यातला नवतपा ज्यांनी काढला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या पुढे गेला तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी फोन करकरून विचारलं होतं, "कसे राहता रे तुम्ही?" आम्ही राहतो. दुपारी घरात, पडदा ओला करून. बाहेर राहतात त्या फक्त गाड्या.

घरचे जे कुणी हे वाचतात त्यांना मोठेबाबांची पिकअप माहीतच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी २००८ साली ही गाडी घेतली. पावसाळ्यात खताची पोती, दिवाळीनंतर राईस मिलवर धान, उन्हाळ्यात लग्नाचे मंडप. आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांचं सामान. वडसा हे आमच्याकडच्या नाटक कंपन्यांचं गाव. तिथून पडदे, पेट्या, लाइटं घेऊन रात्री जंगलातल्या रस्त्यानं कुठल्या तरी गावच्या मंडईला जायचं, पहाटेपर्यंत नाटक, आणि सकाळी परत. सतरा वर्षं ही गाडी घराच्या आवारात उघड्यावर उभी राहिली. आता मोठेबाबांचे गुडघे गेले, पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाडीच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली, आणि मुलाला गाडी नको आहे. म्हणून विकायची. गिऱ्हाईक चामोर्शीकडचं होतं, पंधरा दिवसांनी येणार होतं.

इंजिन उत्तम. पत्रा ठीक. पण समोरून गाडी पाहिली की म्हातारी दिसायची, कारण बंपर, चाकांवरच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, वायपरखालची जाळी, जे जे काळं प्लास्टिक होतं ते सगळं पांढरट राखाडी झालेलं. राख फासल्यासारखं. (कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. आमच्या उन्हात सगळ्यांचंच प्लास्टिक पांढरं होतं.)

मी म्हटलं, "मोठेबाबा, रंग उडाला हो याचा."

ते काही बोलले नाहीत. हौदातून बादली भरून आणली आणि बंपरवर ओतली. आणि काय सांगू, बंपर क्षणात काळाभोर! शोरूममधून आणल्यासारखा. मग आम्ही दोघं तिथेच निंबाखाली उभे राहून पाहत बसलो. पाच मिनिटांत पाणी वाळलं, आणि राख परत आली.

"रंग उडाला अस्ता तं पाण्यानं वापस आला अस्ता का?" मोठेबाबा म्हणाले.

या एका वाक्यामुळे मी पुढचे चार दिवस वाचत बसलो. म्हणून हा लेख.

मोठेबाबांचं बरोबर होतं. रंग उडालेला नसतोच. गाडीच्या काळ्या प्लास्टिकमधला काळा रंग म्हणजे बहुधा कार्बन, शुद्ध मराठीत काजळी. काजळी उन्हाला भीत नाही. जुन्या पोथ्या काजळाच्या शाईनं लिहिलेल्या आहेत. कागद पिवळा पडून तुकडे पडायला आले तरी अक्षर काळं आहे. उलट काजळी बाकीच्यांना ऊन लागू देत नाही. टेलिफोनच्या तारांवरचं प्लास्टिक उघड्यावर तडकू नये म्हणून अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं गेल्या शतकाच्या मध्यावर बरेच प्रयोग केले, त्यात हीच बारीक काजळी सगळ्यात कामाची ठरली. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी काळी असते तीही काही शोभेसाठी नाही.

जातं ते प्लास्टिक. हे प्लास्टिक म्हणजे मुख्यतः पॉलीप्रॉपिलीन. इटलीत मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये ज्युलिओ नाट्टानं १९५४ साली ते नीट घट्ट, कामाला येईल अशा रूपात तयार केलं. १९६३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला आणि जर्मनीच्या कार्ल झिग्लरला मिळून दिलं गेलं. आपली बादली, अंगणातली खुर्ची, खताचं पोतं, सगळे याच नाट्टाचे नातेवाईक. हे प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण नि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या साखळ्या तोडत राहतात. वरची अगदी पातळ कातडी ठिसूळ होते, तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. बंपर कडक व्हावा म्हणून त्यात बऱ्याचदा शंखजिऱ्याची पूड घातलेली असते, ती उघडी पडते. अशा खरबरीत पृष्ठभागावर उजेड पडला की तो इकडेतिकडे विखुरतो, आणि आपल्याला पांढरं दिसतं. अंगणातल्या जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उठलं की पँटला पांढरी भुकटी लागते ना, तेच. पाणी ओतलं की भेगा भरतात, उजेड सरळ आत जातो, खालचं काळं दिसतं. पाणी उडालं की खेळ खलास.

म्हणजे काळं आतमध्ये तसंच आहे, फक्त भेगा भरायला पाण्यापेक्षा टिकाऊ काहीतरी हवं.

आता जरा मागे जातो. कारण गाडीला उन्हापावसापासून जपणं हे काम आमच्या घरात पिकअपच्या फार आधीपासून आहे.

आजोबांकडे बंडी होती. (बैलगाडी. आमच्याकडे बंडीच म्हणतात. हलकी असेल तर रेंगी.) सागवान आणि तिवसाच्या लाकडाची. आलापल्लीचं सागवान आता सगळ्या देशाला माहीत झालं, मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत लाकूड गेलं तेव्हा. आमच्या आजोबांना त्याचं कौतुक नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं ते बंडीचं लाकूड. पण सागवान असो की काही, उन्हानं लाकूडही राखाडी पडतं. तेच किरण, फक्त तिथे लाकडाच्या धाग्यांना बांधून ठेवणारा पदार्थ तुटतो. म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी दोन कामं असत. एक, आसाला ओंगण. दुसरं, सगळ्या लाकडाला जवसाच्या तेलाचा फडका.

जवस आमच्याकडे विकत आणायचं पीक नव्हतं. बांधीत धान उभं असतानाच, कापणीच्या आधी, ओल धरून जवस आणि लाखोरी फेकून द्यायची. धान कापलं की खाली ही पिकं उगवून आलेली. जवसाची निळी फुलं पाहिलेली माणसं आता कमी. घाणीवर तेल काढायचं, त्यातलं घरात खायचं आणि उरलेलं बंडीला. (हल्ली शहरात तेच जवस ओमेगा-थ्री म्हणून डबीत मिळतं. मोठ्याईला भाव सांगितला तर तिनं मला वेड्यात काढलं.)

जवसाच्या तेलाची गंमत अशी की ते इतर तेलांसारखं चिकट राहत नाही, सुकतं. म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याची एक साय, एक लवचीक कातडी तयार होते. लहानपणी ज्यांनी क्रिकेटच्या बॅटला अळशीचं तेल लावून ती उन्हात ठेवली असेल त्यांना हा वास आणि तो किंचित चिकटपणा आठवेल. अळशी म्हणजे जवसच. जगभरातले ऑइल पेंट, वॉर्निश याच तेलावर उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं रंगाच्या डब्यावर धरलेली अशीच साय पाहिली आणि १८६३ मध्ये तिच्यापासून जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचं पेटंट घेतलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि मध्य प्रांतातलं जवस मुंबई बंदरातून विलायतेला जाण्याचा रस्ता सोपा झाला. चांदा जिल्ह्याच्या बांध्यांतलं जवस कुठल्याशा लंडनच्या स्वयंपाकघरात पायाखाली गेलं असेल, असा विचार मला उगाच सुखावून जातो. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर लिनोलियमला मागे सारलं ते प्लास्टिकच्याच फरशीनं. असो.

बंडीनंतर आलं लोखंड. मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून जीप जोडायला सुरुवात केली, आणि जंगल खात्याच्या, सरकारी साहेबांच्या जीपा आमच्या जिल्ह्यात दिसू लागल्या. जिल्हा तेव्हा चांदा होता. चंद्रपूर नाव १९६४ चं, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्या जीपचा बंपर म्हणजे सरळसोट लोखंडी पट्टी. झाडाला ठोकली, वाकली, लोहारानं तापवून सरळ केली, वर काळा रंग मारला, झालं. अँबॅसडरचा बंपर चमचमता, क्रोमचा. त्याला गंज चढला की तो सोडवून निकल करायला पाठवायचा. पण दोन्हींचं दुखणं एकच, गंज, आणि त्यावर उपाय करणारा माणूस गावात किंवा फार तर नागपुरात होता. बंडीसाठी सुतार, जीपसाठी लोहार नि पेंटर.

लोखंडी बंपरचं कौतुक करणारी मंडळी आजही आहेत. मी त्यांच्यातला नाही. तो जड, आणि माणसाला लागला तर माणूस मोडतो, स्वतः मोडत नाही. अमेरिकेत पाँटियाकनं १९६८ च्या जीटीओ गाडीला दाबला तर परत फुगणारा, गाडीच्याच रंगाचा बंपर दिला. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ ५ या छोट्या गाडीला प्लास्टिकचे बंपर आले. तिथून पुढे हलकं, स्वस्त, न गंजणारं असं म्हणत प्लास्टिक सगळीकडे पसरलं. न गंजणारं हे खरंच आहे. पण ऐकणाऱ्यानं त्याचा अर्थ 'काही करावं लागत नाही' असा घेतला, आणि विकणाऱ्यांनी तो घेऊ दिला. मला वाटतं गडबड तिथे झाली. बंडीला दरवर्षी तेल लागतं हे आजोबांना कुणी सांगावं लागलं नाही. पिकअपच्या बंपरला वर्षातून एकदा काहीतरी लागतं हे सतरा वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. धुतला की झाला.

आमच्याकडे पिकअप उशिराच आल्या. रस्तेच नव्हते. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा पावसाळ्यात तो भाग महिनोन्महिने तुटलेला असे. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना आली, गावोगाव डांबर पोचू लागलं, आणि डांबरामागून पिकअप. २००५ मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती' आला. मोठेबाबांनी २००८ मध्ये बंडी विकून नव्हे, पण बंडीची जागा रिकामी करून पिकअप घेतली. त्याच निंबाखाली.

आता उपायांकडे. सगळ्यात सोपा उपाय आमच्याकडचे ड्रायव्हर करतात, डिझेलचा फडका. दोन दिवस काळं, मग त्यावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट. आणि चंद्रपूरकडे धूळ म्हणजे नुसती माती नसते, कोळसाही असतो. दुसरा, बाजारातल्या चमकवणाऱ्या बाटल्या. त्यांत बहुतेकींत सिलिकॉनचं तेल. दिसायला झकास, पण काही आठवड्यांत धुऊन जातं. बूट पॉलिशही लावून पाहणारे आहेत, त्यांनी नंतर पांढऱ्या पँटनं गाडीजवळ जाऊ नये. तिसरा उपाय माझ्या चुलतभावानं केला. गॅरेजमधली गरम हवेची बंदूक आणली आणि डाव्या आरशाच्या टोपणावर धरली. यात वरची फुटलेली कातडी वितळून परत सपाट होते, आणि खरंच काळं येतं. पण नवीन काही घातलेलं नसतं, उलट आहे तेच आणखी भाजलं जातं. शिवाय हात एका जागी जरा जास्त थांबला की संपलं. आमच्या आरशावर रुपयाएवढा एक चकचकीत, लाटा आलेला डाग पडला. बंदूक परत गेली.

चौथा उपाय वाचताना मला खुर्चीत हसू आलं. परदेशातले हौशी लोक पांढऱ्या पडलेल्या प्लास्टिकला उकळलेलं जवसाचं तेल लावतात! पेंटर लोक ज्याला बेलतेल म्हणतात तेच. मोठेबाबांना सांगितलं तर त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मंग? बंडीले का लावत होतो?"

रंगाच्या दुकानातून डबा आणला. पहाटे, बंपर थंड असताना (दुपारी हात लावायची सोय नसते) साबणानं आणि जुन्या टूथब्रशनं सगळं घासलं. भेगांतली सतरा वर्षांची धूळ निघाली. पूर्ण वाळू दिलं. मग सुती फडक्यानं अगदी पातळ हात. वीस मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्यानं जास्तीचं सगळं पुसून घेतलं. हे पुसणं महत्त्वाचं, नाहीतर चिकट थर राहतो आणि त्यावर अख्खा मूल तालुका येऊन बसतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. आमच्या उन्हात तेल पटकन सुकलं. बंपर काळा झाला, आणि तो मघाचा बादलीवाला ओला काळा नव्हे, जरा मऊसर, लाकडासारखा काळा. किती टिकेल? काही महिने. सावलीत ठेवली तर जास्त. भेगा बऱ्या होत नाहीत, बुजतात.

आता माझा मूर्खपणा. तेलाचे चार-पाच फडके मी गोळा करून एका बादलीत कोंबले आणि बादली कोठ्याजवळ ठेवली. शेजारी तणसाचा ढीग. संध्याकाळी मोठ्याई आतून ओरडली, "काही जळून राह्यलं का गा?" बादलीतून धूर निघत होता. वरचा फडका उचलला तर आतला हाताला चटका देण्याइतका गरम, मध्ये तपकिरी पडलेला. कुणी विडी टाकली नव्हती. जवसाचं तेल सुकताना ऑक्सिजन घेतं आणि त्यात उष्णता निघते. फडका पसरलेला असेल तर ती हवेत जाते. कोंबलेला असेल तर आत साठत जाते आणि आपोआप पेट घेते. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत जळाली, आग विझवणारे तीन जवान गेले. सुरुवात झाली होती अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासून. आणि मी तणसाजवळ, नवतप्यात!

मोठेबाबांनी बादलीत पाणी ओतलं, फडके काढले आणि एकेक करून कुंपणाच्या तारेवर पसरले. म्हणाले, "बाबा बंडी पुसली का फडका कुपाटीवरच टाकत. आतमंदी आनू देत नोते." का ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आजोबांनीही बहुधा त्यांच्या वडिलांना विचारलं नसेल. बंडी गेली तेव्हा तिच्यासोबत ही सवयही गेली. मी मात्र डब्यावरच्या बारीक अक्षरांतली सूचना न वाचता तेल लावायला बसलो होतो.

रात्री जेवताना विषय निघाला की गिऱ्हाइकाला सांगायचं का. चुलतभावाचं म्हणणं, त्यात काय सांगायचं, लोक इंजिनात जाड ऑइल टाकून गाडी विकतात. माझं मत खरं तर त्याच्याकडेच झुकत होतं. आपण खराबी झाकलेली नाही, देखभाल केली आहे, असं मी म्हणालो. मोठेबाबा जेवत राहिले. मग म्हणाले, "सतरा वर्सं केली अस्ती तं देखभाल. पंधरा दिवसाआंधी केली त्याले रंगरंगोटी म्हन्तात." नाटकवाल्यांचं सामान वाहिलेला माणूस, मेकअप त्याला कळतो.

गिऱ्हाईक आलं तेव्हा मृगाचे दोन शिरवे पडून गेले होते. पंचविशीतला पोरगा, सोबत मामा. इंजिन ऐकलं, खालून वाकून पाहिलं, टायर पाहिले. बंपरकडे पाहून मामा म्हणाले, "गाडी चांगली ठेवली जी."

"बंपरले जवसाचं तेल लावलं हाय," मोठेबाबांनी सांगून टाकलं. "दिवाळीपर्यंत पांढरा होईन. मंग अजून लावजो. अन् फडका घरात ठेवजो नको."

पोरगा हसला. भाव बंपरसाठी नाही, मागच्या टायरांसाठी तुटला. व्यवहार झाला. डब्यात उरलेलं तेल मोठेबाबांनी एका पाण्याच्या बाटलीत भरून त्याच्या सीटखाली ठेवलं. गाडी फाटकाबाहेर वळली तेव्हा माझं लक्ष डाव्या आरशाकडे गेलं. बंदुकीचा तो डाग अजून चमकत होता, आणि त्याखालच्या दाराच्या मुठीला तेल लावायचं राहूनच गेलं होतं. ती तशीच पांढरी, चामोर्शीच्या रस्त्याला लागली.